नावात एंटर, खाली नवी ओळ: हेडर इंजेक्शन शोधायचं कसं आणि बंद करायचं कसं

मोंढ्यात माल विकला गेला की आडत्याकडे पट्टी तयार होते. शेतकऱ्याचं नाव, माल, कट्टे, वजन, भाव, मग हमाली-तोलाईची वजावट आणि शेवटी निव्वळ रक्कम. एका ओळीत एक नोंद, हा पट्टीचा नियम. समजा नावाच्या रकान्यात कुणी ‘राऊत’ टाइप केलं, तिथंच एंटर मारलं आणि खालच्या ओळीत ‘हमाली: ०’ लिहिलं. छापून आलेल्या पट्टीत ती ओळ दुकानानं लिहिली की गिऱ्हाइकानं, हे मुनिमाला ओळखता येणार नाही.

वेब सर्व्हर पानाच्या आधी जे हेडर पाठवतो ते याच पट्टीसारखे असतात. एका ओळीत हेडरचं नाव, कोलन आणि मूल्य. ओळ संपल्याची खूण म्हणजे न दिसणारी दोन अक्षरं: १३ क्रमांकाचं कॅरेज रिटर्न आणि १० क्रमांकाचं लाइन फीड. दोन्ही मिळून सीआरएलएफ. ही जोडी लागोपाठ दोनदा आली, म्हणजे मध्ये कोरी ओळ सुटली, की हेडर संपले आणि पानाचा मजकूर सुरू झाला असं ब्राउझर धरतो. बाहेरून आलेली माहिती तुम्ही जशीच्या तशी हेडरमध्ये घातली आणि तिच्यात ही अक्षरं निघाली, तर खालची ओळ बाहेरच्या माणसाची होते. हेच हेडर इंजेक्शन. कोरी ओळ घालून अख्खं दुसरं उत्तरच घुसवलं तर त्याला रिस्पॉन्स स्प्लिटिंग म्हणतात. अमित क्लाइन यांनी २००४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून हा दोष सगळ्यांना माहीत आहे. सीडब्ल्यूई, म्हणजे सॉफ्टवेअर-दोषांच्या प्रकारांच्या यादीत तो ११३ क्रमांकावर आहे.

इतका जुना दोष अजून का सापडतो? कारण फ्रेमवर्कनी आपापली दारं लावून घेतली, पण बाजूच्या खिडक्या उघड्या राहिल्या: एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग, संपर्काचा फॉर्म, पासवर्ड रीसेटची लिंक. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या छोट्या टीम पतसंस्था, कॉलेज, क्लासेस, कारखाना अशा साइट करतात, त्यांनी या खिडक्या आधी तपासाव्यात.

आधी कोडमध्ये शोधा

बाहेरून मारा करून बघण्याआधी कोड चाळा. हे काम अर्ध्या दिवसात होतं आणि बाहेरच्या चाचणीत न सापडणाऱ्या जागाही त्यात सापडतात. बाहेरची माहिती हेडरमध्ये जाण्याच्या जागा मोजक्याच असतात. रिडायरेक्टचं लोकेशन हेडर, म्हणजे लॉगिन झाल्यावर ‘परत कुठे जायचं’ हे ज्या पॅरामीटरमध्ये येतं ते. भाषा किंवा तालुका लक्षात ठेवणारी कुकी. डाउनलोडच्या फाइलचं नाव, जे कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये जातं. ईमेलचे फ्रॉम, रिप्लाय-टू आणि विषय. आणि तुमचा सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवतो त्यात तुम्ही स्वतः घातलेले हेडर, उदाहरणार्थ एसएमएस गेटवेला जाणारा संदर्भ क्रमांक.

पीएचपीत हेडर फंक्शन, सेट-रॉ-कुकी आणि मेल ही तीन नावं सगळ्या फाइलींत शोधा. साधं सेट-कुकी मूल्याला आपोआप यूआरएल-एन्कोड करतं, म्हणजे न्यूलाइनसारखी अक्षरं टक्का-चिन्हाच्या खुणेत बदलतं. सेट-रॉ-कुकी करत नाही, म्हणून ते वेगळं बघायचं. हेडर फंक्शन एका वेळी एकापेक्षा जास्त हेडर पाठवू देत नाही, हे संरक्षण ४.४.२ आणि ५.१.२ या आवृत्त्यांपासून आहे. पण त्या वेळी एकटं कॅरेज रिटर्न त्यातून निसटत होतं, ते ५.३.११ मध्ये बंद झालं. जुन्या शेअर्ड होस्टिंगवर अजून कुठली आवृत्ती चालते हे गृहीत धरू नका, पीएचपी-इन्फोनं बघा आणि बघून झालं की ते पान लगेच काढून टाका.

मग बाहेरून तपासा

हे फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या साइटवर. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली विनापरवाना घुसखोरीची भरपाई द्यावी लागू शकते, आणि ती अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केली असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मदत म्हणून बघितलं’ हे सांगून सुटका होईलच असं नाही. ग्राहकाकडून साइटचा पत्ता, तारीख आणि चाचणीचा प्रकार लिहिलेलं पत्र आधी घ्या.

चाचणी ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून करू नका. आलेले कच्चे हेडर तिथे डोळ्यांसमोर राहत नाहीत आणि रिडायरेक्ट आपोआप पुढे जातो. कर्ल हे कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन वापरा. कॅपिटल डीचा पर्याय आणि त्यापुढे एक डॅश दिला की आलेले हेडर पडद्यावर छापले जातात, पानाचा मजकूर मात्र डेव्ह-नलकडे वळवा, म्हणजे टाकून द्या. कॅपिटल एलचा पर्याय देऊ नका, नाहीतर कर्ल रिडायरेक्टच्या मागे जाईल. फक्त हेडर मागवणारा कॅपिटल आयचा पर्यायही टाळा: त्यानं हेड प्रकारची विनंती जाते आणि बरेच ॲप तिला वेगळं उत्तर देतात.

समजा बाजारभावाच्या साइटवर ‘पीक’ हा पॅरामीटर रिडायरेक्टमध्ये जातो. त्याचं मूल्य असं द्या (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि अंक):

सोयाबीन%०डी%०एएक्स-तपासणी:%२०१

यातलं %०डी म्हणजे १३, %०ए म्हणजे १० आणि %२० म्हणजे मोकळी जागा. साइट कच्ची असेल तर उत्तर असं येतं:

एचटीटीपी/१.१ ३०२ फाउंड
लोकेशन: /भाव?पीक=सोयाबीन
एक्स-तपासणी: १

‘एक्स-तपासणी’ स्वतंत्र ओळीवर आली, की दोष पक्का. लोकेशनच्याच ओळीत %०डी%०ए तसंच दिसलं तर कोणीतरी एन्कोड केलंय आणि ती जागा ठीक आहे. ५००, म्हणजे सर्व्हरमध्ये चूक झाल्याचा क्रमांक, आला तर लॉग उघडा. पीएचपीची ‘न्यूलाइन डिटेक्टेड’ अशी तक्रार किंवा पायथनची व्हॅल्यू-एरर दिसली तर फ्रेमवर्कनं वाचवलंय, पण तुमचा कोड इनपुट तपासत नाही हेही त्यातून कळलं.

एकाच चाचणीवर थांबू नका. चार रूपं द्या: सीआरएलएफची जोडी, एकटं %०ए, एकटं %०डी, आणि दोनदा एन्कोड केलेलं %२५०डी%२५०ए. एकट्या लाइन फीडची चाचणी अत्यावश्यक आहे, कारण वाचणाऱ्यानं एकटं लाइन फीडही ओळीचा शेवट मानलं तरी चालेल असं आरएफसी ९११२ हे एचटीटीपीचं मानक सांगतं. दोनदा एन्कोड केलेलं तिथे लागू पडतं जिथे प्रॉक्सी एकदा आणि ॲप पुन्हा एकदा डिकोड करतं.

‘३०२ आहे, ब्राउझर पुढे निघून जातो, मजकूर कुणी बघतच नाही, मग नुकसान काय?’ हा प्रश्न ग्राहकाकडून हमखास येतो. उत्तर असं: पान दिसलं नाही तरी घुसवलेली सेट-कुकीची ओळ ब्राउझर पाळतो. हल्लेखोर स्वतःला माहीत असलेला सेशन क्रमांक त्या ओळीनं सभासदाच्या ब्राउझरमध्ये बसवतो. सभासद लॉगिन करतो. लॉगिननंतर तुमचा कोड सेशन क्रमांक बदलत नसेल, तर तेच लॉगिन झालेलं खातं हल्लेखोराच्या हातात असतं. म्हणून दोष बुजवतानाच लॉगिनच्या जागी सेशन-रीजनरेट-आयडी आहे का तेही बघून घ्या.

एनजिनएक्समधली एक ओळ

एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर पाठवण्यासाठी रिटर्न ३०१ लिहितात आणि त्यात डॉलर-होस्टपुढे डॉलर-यूआरआय जोडतात. डॉलर-यूआरआय हा चल डिकोड झालेला असतो. कुणी मार्गातच %०डी%०ए घातलं की एनजिनएक्स ते खऱ्या न्यूलाइनमध्ये बदलून लोकेशन हेडरमध्ये ठेवतो. ॲपपर्यंत विनंती पोचतच नाही, त्यामुळे ॲपमधली कुठलीही तपासणी इथे उपयोगाची नाही. डॉलर-डॉक्युमेंट-यूआरआयचंही तेच. त्याजागी डॉलर-रिक्वेस्ट-यूआरआय लिहा, तो जसा आला तसा एन्कोड केलेलाच राहतो.

रेजेक्सच्या (मजकुराचा साचा जुळवणाऱ्या नियमाच्या) लोकेशन ब्लॉकमध्ये पकडलेले डॉलर-१, डॉलर-२ हेही डिकोड झालेल्या मार्गातूनच येतात. त्यात ‘स्लॅश सोडून काहीही’ असा गट असेल तर न्यूलाइनही त्यात बसते. एनजिनएक्सला कॅपिटल टीचा पर्याय दिला की जोडलेल्या सगळ्या फाइलींसह पूर्ण कॉन्फिग छापली जाते. त्यात हे चल शोधा. गिक्सी हे फुकट साधन हीच तपासणी आपोआप करतं. बदल केल्यावर छोट्या टीच्या पर्यायानं कॉन्फिग तपासून मगच रीलोड करा.

संपर्काचा फॉर्म

कारखान्याच्या किंवा क्लासच्या साइटवर ‘नाव, ईमेल, संदेश’ असा फॉर्म असतो आणि मागे पीएचपीचं मेल फंक्शन. त्याच्या चौथ्या आर्ग्युमेंटमध्ये ‘फ्रॉम:’ लिहून पुढे पाहुण्यानं भरलेला ईमेल चिकटवलेला असतो. पाहुणा ईमेलच्या रकान्यात पत्ता लिहून न्यूलाइन देतो आणि पुढे ‘बीसीसी:’ लिहून शेकडो पत्ते टाकतो. एचटीएमएलचा एका ओळीचा रकाना एंटर घेत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, विनंती कर्लनं थेट पाठवता येते. जुन्या पीएचपीत न्यूलाइन दोनदा दिली तर तुमचा संदेश बाजूला पडून त्याचाच मजकूर आधी येतो. परिणाम काय, तर तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम निघतो, आयपी काळ्या यादीत जातो आणि त्याच सर्व्हरवरचे प्रवेशाचे, पावतीचे खरे ईमेलही पोचेनासे होतात.

मेल फंक्शन ‘टू’ आणि विषयातली नियंत्रण-अक्षरं स्वतः साफ करतं. चौथं आर्ग्युमेंट स्ट्रिंग म्हणून दिलं तर ते साफ करत नाही. सुधारणा अशी करा: फ्रॉम कायम तुमच्याच डोमेनचा ठरलेला पत्ता ठेवा. यानं एसपीएफ आणि डीमार्क या ईमेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे बघणाऱ्या तपासण्याही सुरळीत राहतात, त्या बाहेरच्या पत्त्याच्या फ्रॉमनं मोडतात. पाहुण्याचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये घाला, तोही ईमेल-व्हॅलिडेट फिल्टरमधून पास झाला तरच. पीएचपी ७.२ पासून चौथं आर्ग्युमेंट ॲरे म्हणून देता येतं, त्यात मोकळी न्यूलाइन आहे का हे फंक्शनच बघतं. फॉर्मसाठी पीएचपीमेलरसारखी लायब्ररी घेणं त्याहून बरं.

मराठी विषय पाठवताना एक गाठ पडते. देवनागरी विषय बेस-६४ करून एन्कोडेड-वर्डमध्ये लिहावा लागतो आणि आरएफसी २०४७ प्रमाणे एका एन्कोडेड-वर्डची मर्यादा ७५ अक्षरं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, बेस-६४ मध्ये त्याची ४ अक्षरं होतात. वेष्टनाची १२ अक्षरं वजा केली की एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं मावतात, कानामात्रा धरून. त्याहून लांब विषय एन्कोड करणारं फंक्शन स्वतः न्यूलाइन आणि मोकळी जागा घालून मोडतं आणि ते बरोबर आहे. म्हणून न्यूलाइनची तपासणी एन्कोड करण्याआधी करा. नंतर केली तर तुमचेच मराठी विषय नाकारले जातील, आणि मग वैतागून कुणीतरी तपासणीच काढून टाकेल.

ऊ आणि ऍ

आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. युनिकोडमध्ये ‘ऊ’चा क्रमांक २३१४. त्याला २५६ नं भागा, बाकी उरते १०. ‘ऍ’चा क्रमांक २३१७, बाकी १३. म्हणजे एखाद्या प्रोग्रामनं अक्षराचा वरचा बाइट टाकून फक्त खालचा ठेवला, तर ‘ऊ’चं लाइन फीड होतं आणि ‘ऍ’चं कॅरेज रिटर्न.

हे नुसतं गणित नाही. नोडजेएसमध्ये हेडर लिहिताना असंच कापलं जात होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत सीव्हीई-२०१६-२२१६ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषांची यादी) म्हणून तो दोष बुजवला गेला. त्यानंतरचा नोड हेडरमध्ये देवनागरी दिसताच चूक दाखवून थांबतो. विनंतीच्या मार्गातल्या युनिकोडबाबत त्याच जातीचा दुसरा दोष २०१८ मध्ये बुजला. आजही तुमच्याच कोडमध्ये ही कात्री असू शकते: नोडमध्ये स्ट्रिंगचा बफर ‘लॅटिन-१’ एन्कोडिंगनं बनवला की वरचा बाइट मुकाट गळतो, जावात डेटा-आउटपुट-स्ट्रीमचं राइट-बाइट्सही तेच करतं. पायथन मात्र लॅटिन-१ मध्ये देवनागरी घालायला गेलं की चूक दाखवतो, जावाचं गेट-बाइट्स प्रश्नचिन्ह ठेवतं. अडतं तिथे निदान दिसतं, गळतं तिथे दिसत नाही.

‘ऊ’ आपल्याकडे पदोपदी आहे: राऊत, भाऊसाहेब, देऊळगाव, पाऊस, ऊस. ‘ऊसतोड कामगार यादी’ नावाची फाइल डाउनलोडला ठेवली आणि वाटेत अशी कात्री असली, तर हल्लेखोर नसतानाही हेडर पहिल्याच अक्षराला तुटतो. ‘फाइल कधी उघडते, कधी नाही’ अशी तक्रार आली तर आधी फाइलच्या नावात ‘ऊ’ आहे का ते बघा.

उपाय ‘ऊ’ बंदी नव्हे. फाइलचं मराठी नाव आरएफसी ६२६६ मधल्या तारांकित फाइलनेम पॅरामीटरमध्ये यूटीएफ-८ करून टक्का-एन्कोड करून द्या. ‘ऊ’ तिथे %ई०%ए४%८ए असा जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा कुठलाही बाइट १२८ च्या खाली नसतो, त्यामुळे १० किंवा १३ बनण्याचा प्रश्नच येत नाही. सोबत साध्या फाइलनेम पॅरामीटरमध्ये यादी.पीडीएफ असं रोमनमधलं ठरलेलं नाव ठेवा. त्यात पाहुण्यानं दिलेलं काही घालायची वेळ आलीच तर दुहेरी अवतरण आणि उलटा स्लॅश आधी काढा.

तपासणीच चुकते ती जागा

इनपुट रेजेक्सनं तपासलं, तरी शेवटची न्यूलाइन आत येते. पीएचपी आणि पायथनमध्ये डॉलर चिन्ह ‘मजकुराचा शेवट’ म्हणून वापरतात, पण ते अगदी शेवटच्या न्यूलाइनच्या आधीही जुळतं. जँगोच्या ईमेल, यूआरएल, स्लग या तपासण्यांमध्येच ही चूक होती, २०१५ च्या जुलैत सीव्हीई-२०१५-५१४४ म्हणून ती दुरुस्त झाली. पीएचपीत डॉलरऐवजी उलटा स्लॅश आणि छोटा झेड लिहा किंवा कॅपिटल डीचा मॉडिफायर लावा. पायथनमध्ये फुल-मॅच वापरा. रुबीत धोका जास्त: तिथे डॉलर आणि कॅरट प्रत्येक ओळीला जुळतात, त्यामुळे मधली न्यूलाइनही चालून जाते. तिथे सुरुवातीला उलटा स्लॅश-कॅपिटल ए आणि शेवटी उलटा स्लॅश-छोटा झेड.

न्यूलाइन सापडली तर ती गाळून पुढे जाऊ नका, अख्खी विनंती ४०० (चुकीची विनंती) देऊन परत पाठवा. नाव, ईमेल, पिकाचं नाव या रकान्यांत प्रामाणिक माणसाकडून न्यूलाइन येण्याचं कारण नसतं. रिडायरेक्टसाठी तर इनपुट थेट घेऊच नका. ‘परत कुठे’ याला १, २, ३ असे क्रमांक द्या आणि पत्ते कोडमध्ये ठेवा. एकाच वेळी दोन्ही दोष मिटतात, हेडर इंजेक्शन आणि मोकाट रिडायरेक्ट.

होस्ट हेडर

इथे न्यूलाइन लागतच नाही. ब्राउझर कुठल्या साइटला विचारतोय हे होस्ट हेडरमध्ये लिहितो आणि ते पाठवणाऱ्याच्या हातात असतं. पासवर्ड रीसेटची लिंक तुमचं ॲप यावरून बनवत असेल तर काम फत्ते: हल्लेखोर सभासदाचा ईमेल टाकतो, होस्टमध्ये स्वतःचं डोमेन लिहितो, आणि सभासदाला तुमच्याच सर्व्हरवरून, तुमच्याच नावानं ईमेल जातो. त्यातली लिंक मात्र हल्लेखोराची. सभासदानं एकदा क्लिक केलं की टोकन तिकडे पोचलं.

तपासायला स्वतःचं खातं घ्या, कर्लमध्ये होस्ट बदलून रीसेट मागवा आणि आलेल्या ईमेलमधली लिंक वाचा. मग होस्ट खरा ठेवून एक्स-फॉरवर्डेड-होस्ट बदलून पुन्हा करा. पुढे सीडीएन, म्हणजे पाहुणा आणि तुमच्या सर्व्हरमधली मधली सेवा, असेल तर तो चुकीचा होस्ट अडवेल आणि सगळं ठीक वाटेल, म्हणून मूळ सर्व्हरच्या आयपीवरही थेट तपासा.

साइटचा पत्ता कॉन्फिगमध्ये एकदा लिहा आणि ईमेलमधल्या लिंका त्यावरूनच बनवा. जँगोत अलाउड-होस्ट्सची यादी भरा. चूक दिसली म्हणून तिथे तारांकन टाकून मोकळं व्हायची सवय घातक आहे. लारावेलमध्ये ट्रस्ट-होस्ट्स, रेल्समध्ये ६ पासून कॉन्फिग-होस्ट्स. पीएचपीत सर्व्हर-नेम सुरक्षित समजतात, पण अपाचेमध्ये यूज-कॅनॉनिकल-नेम चालू नसेल तर तोही पाहुण्यानं पाठवलेलाच असतो. एनजिनएक्समध्ये डीफॉल्ट-सर्व्हर लिहिला नसेल तर पहिला ब्लॉकच अनोळखी होस्टला उत्तर देतो. म्हणून एक रिकामा डीफॉल्ट ब्लॉक करा: ८० पोर्टवर उत्तर न देता जोडणी तोडणारं रिटर्न ४४४, आणि ४४३ वर १.१९.४ पासून मिळणारं एसएसएल-रिजेक्ट-हँडशेक चालू.

दोष सापडला आणि कुणी त्याचा वापर केल्याच्या खुणा लॉगमध्ये दिसल्या, तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. शेअर्ड होस्टिंगवर लॉग अनेकदा काही दिवसांतच पुसले जातात, त्यांची प्रत रोज बाहेर काढायची सोय आधीच करून ठेवा.

शेवटी हे सगळं चाचण्यांमध्ये बांधा, म्हणजे पुढच्या बदलात दोष परत येणार नाही. नाव: ‘राऊत’ आणि मागे न्यूलाइन. ईमेल: बरोबर पत्ता, शेवटी एकटं लाइन फीड. पीक: वरची चारही रूपं. होस्ट: दुसरंच डोमेन. यातलं एकही आत गेलं तर बिल्ड थांबला पाहिजे. आणि सोबत दोन चाचण्या उलट्या: न्यूलाइन नसलेलं ‘राऊत’ हे नाव जतन झालं पाहिजे, आणि ‘ऊसतोड कामगार यादी’ त्याच नावानं डाउनलोड झाली पाहिजे.